अर्धं सूत जास्त

तीन पेट्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि घरातले सगळे दुसरीकडेच बघत होते. दादा खिडकीबाहेर, वहिनी स्वतःच्या नखांकडे, मिस्त्री वरच्या पंख्याकडे, आणि तो पंखा तर बंद होता. आत्यानं चष्मा काढून पुसायला घेतला होता, म्हणजे तिनं न बघण्याची रीतसर सोय करून ठेवली होती. एकटे आप्पा तेवढे पेट्यांकडे बघत होते. उजव्या मनगटाला पट्टा, तो हात छातीशी धरलेला, आणि चेहरा असा की मी काही बोलत नाहीये हे सगळ्यांच्या लक्षात आलंय ना.

"करायची सुरुवात?" मधलीनं, म्हणजे आप्पांच्या मधल्या लेकीनं, विचारलं.

"तुझं टेबल, तुझ्या पेट्या," आप्पा म्हणाले. "मला कशाला विचारतेस?"

टेबल अर्थातच आप्पांचं होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांनी कारखान्याच्या चाव्या मधलीच्या हातात दिल्या, त्या दिवसापासून कारखान्यातली प्रत्येक वस्तू ते तिच्या नावावर करत आले होते. विशेषतः जी बिघडली असेल ती.

मधलीनं पहिल्या पेटीचं झाकण वीतभर उचललं आणि सोडून दिलं.

व्हायोलिनच्या पेट्या हा या घराचा धंदा, आजोबांनी सुरू केलेला. बाजारात पेट्या पुष्कळ होत्या, पण या घरच्या पेटीची एक खूण होती. झाकण वीतभर उचलून सोडलं तर ते आपटत नसे. आतली हवा काठाच्या फटीतून सावकाश निघे, झाकण तरंगत खाली येई, आणि अगदी शेवटी एक हलका आवाज करून बसे, जेवण झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्यानं खुर्चीत टेकावं तसा. आजोबा त्याला पेटीचा श्वास म्हणायचे. श्वास न घेणारी पेटी त्यांनी कधी दाराबाहेर जाऊ दिली नव्हती, आणि आप्पांनीही नाही.

पहिल्या पेटीचं झाकण खाली आलं, पुढच्या काठावर अडलं आणि तसंच राहिलं. मधलीनं बोटानं दाबलं. मग तळव्यानं. झाकण हटून बसलं होतं.

"दुसरी बघ," वहिनी हळूच म्हणाली.

दुसरीचं झाकण सोडताक्षणी धाडकन बसलं आणि पेटी हलवली तर ते खुळखुळायला लागलं. आप्पांनी डोळे मिटले. तिसरी पेटी बंदच होती. तिचं झाकण उचलायला गेली तर अख्खी पेटी टेबलावरून उचलली गेली, पण झाकण काही सुटेना.

"वा," आप्पा म्हणाले. "एक मिटत नाही, एक मिटली तर बडबडते, आणि एक उघडायचं नाव घेत नाही. घरातली माणसंच ओळीनं मांडून ठेवली आहेत."

मिस्त्रींना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मधलीला मात्र हसू येईना. या तीन पेट्या नमुन्याच्या होत्या. गावातल्या संगीत विद्यालयानं चाळीस पेट्यांची मागणी कबूल केली होती, लहान, मधल्या आणि मोठ्या अशा तीन मापांत. अट एकच, आधी तिन्ही मापांचा एकेक नमुना दाखवायचा. साच्यातून काढलेल्या हलक्या फायबरच्या पेट्यांनी गेल्या दोन वर्षांत अर्धी गिऱ्हाइकं पळवली होती. नमुना पसंत पडला तर वर्षभराची चिंता मिटत होती. नाही पडला तर काय, हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

आणि मधलीला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी तिला माहीत असायला नको होती. सोमवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना वहिनीनं तिला शपथ घालून सांगितलं होतं. त्या साच्यातल्या पेट्या करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं दादाला पत्र आलं होतं. देखरेखीचं काम, स्वतंत्र खोली, शनिवार-रविवार सुट्टी. "हो म्हणाले नाहीत," वहिनी म्हणाली होती, "पण फाडूनही टाकत नाहीत गं. आंघोळीला जाताना या शर्टाच्या खिशातून काढतात आणि आल्यावर त्या शर्टाच्या खिशात घालतात." तेव्हापासून मधलीची नजर दादाच्या खिशावरून हलत नव्हती. आत्तासुद्धा तिथं कागदाची पांढरी कड दिसत होती. दादा गेला तर मिस्त्री राहायचे नाहीत, मिस्त्री गेले तर आत्या तरी कशाला येईल, आणि मग रिकाम्या कारखान्याच्या चाव्या घेऊन तिनं एकटीनं करायचं काय?

"मी म्हटलं होतं," दादा खिडकीतून वळला. "जागा बदलू नकोस म्हणून. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"प्रत्येक जण आपापलं काम तीस-तीस वर्षं करतोय. हात बसलाय. आणि तू आलीस, आणि म्हणालीस उठा."

हे खरंच होतं. डॉक्टरांनी आप्पांचं मनगट पाहून करवत आणि रंधा कायमचे बंद म्हणून सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मधलीनं सगळ्यांना उठवलं होतं. झाकणाच्या फळ्या कापायचं आप्पांचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. ती इतकी वर्षं गिऱ्हाइकं आणि मागण्या सांभाळायची, करवतीला तिचा हात लागला नव्हता. खोक्याचे सांधे जोडणारे मिस्त्री बिजागऱ्यांवर गेले आणि बिजागऱ्या बसवणारा दादा सांध्यांवर आला. पेटीच्या काठाला आतून मखमल लावायचं आत्याचं काम वहिनीकडे गेलं, आणि वहिनीचं पॉलिश आत्याकडे. आप्पांचा एक हात थांबला तर सगळा कारखाना थांबला, असं पुन्हा व्हायला नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. तीन आठवडे सगळे शाळा बदललेल्या मुलांसारखे तोंड पाडून बसत होते.

"मला एवढंच सांगा, चूक झाली कुठं?" मधली म्हणाली. "झाकणं मी कापली. माझ्यापासून सुरू करा."

"तुझ्यापासूनच," आप्पा म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं काटकोन बघायचा गुण्या उचलला, पहिल्या झाकणाच्या कोपऱ्याला लावला, मग पट्टीनं लांबी मोजली, रुंदी मोजली. परत मोजली. "हे लहान आहे."

"शक्यच नाही. मी फर्म्याप्रमाणं कापलंय."

"कशाप्रमाणं?"

"फर्म्याप्रमाणं, आप्पा. तो काय समोर." भिंतीवर आजोबांनी स्वतःच्या हातानं केलेला लाकडी फर्मा खिळ्याला टांगलेला होता, शेजारी बाकीच्या दोन मापांचे. "उतरवला, धूळ झटकली, फळीवर ठेवला, पेन्सिलीनं रेघ मारली आणि रेघेवर कापलं. तीनदा तपासलं."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"फर्म्याप्रमाणं कोण कापतं?" ते म्हणाले.

आत्याचं चष्मा पुसणं थांबलं.

"म्हणजे?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? मी अर्धं सूत जास्त ठेवतो." आप्पांनी डाव्या हाताच्या चिमटीत इंचाचा सोळावा भाग दाखवला. "झाकण फर्म्यापेक्षा अर्धं सूत मोठं. कायम."

"कधीपासून?" दादा म्हणाला.

"झाली की तीसेक वर्षं. ही अक्का," आप्पांनी पट्ट्यातल्या हातानं आत्याकडे खूण केली. आत्या त्यांची थोरली बहीण, तेव्हा त्यांना अक्का म्हणावंच लागे. "ही काठाला मखमल लावते की गादी भरते? एवढ्या जाड काठावर फर्म्याचं झाकण बसेल का? मग मीच आपलं जरा मोठं कापायला लागलो. म्हटलं, मोठी बहीण आहे, कुठं बोला."

आत्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या बाईच्या अंगात एकदम वीस वर्षांचं बळ आलं.

"गादी? अरे, मी दोन पदर लावते ते हौस म्हणून? या मिस्त्रींचा खोका बघितलायस कधी? पुढच्या अंगानं बारीक असतो. एका पदरावर झाकण नुसतं डुगडुगतं. बिचाऱ्या मिस्त्रींना वाईट वाटू नये म्हणून मी आतून एक पदर जास्त घालते. कुणाला कळलं का आजवर?"

"आत्याबाई!" मिस्त्रींचा चेहरा पडला. कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, सांध्यात केसाची फट राहिली तर जेवायचा नाही. "खोका बारीक होत नाही माझा. मी बारीक करतो. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"हो. पुढची फळी रंध्यानं जरा काढतो. दादा बिजागरीची खाच खोल मारतात, त्यानं झाकण मागं ओढलं जातं आणि पुढं खोक्यावर चढतं. मालकांच्या मुलाला काय सांगायचं? म्हणून गुपचूप पुढून रंधा फिरवतो." त्यांनी खाली मान घालून दुसऱ्या पेटीकडे बोट दाखवलं. "तिच्यावरसुद्धा फिरवला. दादांनी खोका छान सरळ केला होता. पण हात राहवेना."

आता सगळे दादाकडे बघायला लागले.

"मी खाच खोल मारतो," तो सावकाश म्हणाला, "कारण आप्पांचं झाकण अर्धं सूत मोठं असतं."

वहिनीनं हवेत बोट फिरवून हिशेब लावला. आप्पांचं झाकण मोठं म्हणून दादाची खाच खोल, खाच खोल म्हणून मिस्त्रींचा खोका बारीक, खोका बारीक म्हणून आत्याची मखमल जाड, मखमल जाड म्हणून आप्पांचं झाकण मोठं. बोट जिथून निघालं तिथंच परत आलं.

"अगं बाई," वहिनी म्हणाली.

हसण्याची वेळ खरं तर तीच होती. पण या घरात हसण्याआधी भांडून घ्यायची पद्धत होती.

"सुरुवात कुणी केली पण?" आप्पांनी विचारलं.

"तूच केली असशील," आत्या म्हणाली. "लहानपणापासून तुझं सगळं अर्धं सूत जास्तच."

"अक्का, तू कारखान्यात आलीस त्या वर्षीच—"

"मी आले तेव्हा मिस्त्री होतेच की!"

"म्हणजे सगळं माझ्यावर?" मिस्त्री उभे राहिले. "पस्तीस वर्षांत मला एकानं सांगितलं नाही की मिस्त्री, तुमचा खोका बारीक आहे. बाहेरचा माणूस म्हणून सांगितलं नाही, असंच ना?"

"बाहेरचे कसले, तुम्ही तर माझ्या लग्नात पंगत वाढली आहे," दादा म्हणाला. पण मग त्याचाही आवाज चढला. "आणि मला कोणी सांगितलं? घरचा मोठा मुलगा मी. माझ्या खाचेमुळं झाकण पुढं चढतं हे सगळ्यांना माहीत, मला सोडून! यापेक्षा माणसानं सरळ दुसऱ्याच्या कारखान्यात जावं. तिथं चूक झाली तर निदान तोंडावर सांगतात तरी." आणि त्याचा हात खिशावर गेला.

वहिनीनं मधलीकडे पाहिलं. आता आप्पा विचारणार, दुसऱ्याचा कारखाना म्हणजे कुठला, मग ते पत्र बाहेर येणार, आणि एकदा बापासमोर बाहेर आलं की दादा हट्टानं हो म्हणून मोकळा होणार. त्याला ती चाळीस वर्षं ओळखत होती. तिला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि डोक्यात तर एकच गोष्ट येत होती, जी तिनं सहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

"नमुना उद्या द्यायचाच नाहीये," ती म्हणाली.

दादाचा हात खिशावरून खाली आला.

"मी तुम्हाला शनिवार सांगितला. विद्यालयानं बुधवार सांगितलाय. मी नेहमीच चार दिवस आधीची तारीख सांगते. तुम्ही चार दिवस उशीर करता म्हणून." तिचे कान लाल झाले होते. "सहा वर्षं झाली. तुम्ही सगळे फळ्यांशी खोटं बोलत होतात, मी तुमच्याशी. आता काय रागवायचं ते रागवा."

कुणीच रागवेना. मिस्त्रींनी कान खाजवला.

"ते मला माहीत होतं, ताई," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी एकदा तुमचा फोन मी उचलला होता. तेव्हापासून तुम्ही शनिवार म्हणालात की मी बुधवार धरतो. पण दुसऱ्या कुणाला बोललो नाही हं. तुमची आब राहावी म्हणून."

"तुम्हालाही माहीत होतं?" आत्या म्हणाली. "मला वाटलं मला एकटीलाच माहीत आहे!"

"कॅलेंडरवर खूण करताना मी पाहिलं होतं," वहिनी म्हणाली.

दादाच्या मिशीत काहीतरी हललं.

"तू पण?" मधलीनं विचारलं.

"अगं, आम्ही उशीर करतो तोच त्या चार दिवसांच्या भरवशावर!"

आधी आत्या हसली. तिचं हसणं बिनआवाजाचं, नुसते खांदे हलायचे. ते बघून मिस्त्री खोकायला लागले, आणि या वेळी खोकल्यात हसू मावेना. वहिनी पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली आणि तिथूनच म्हणाली, "मग माझंही ऐकून घ्या. दुपारी तुम्ही सगळे चहाला जाता ना, तेव्हा मी प्रत्येक झाकणाची कड पॉलिश पेपरनं घासते. तुमचं सगळ्यांचं सगळं करून झालं तरी ते कुठंतरी घासतंच. पंधरा वर्षं झाली, मी या घरात गरम चहा प्यायलेली नाही!"

आप्पा हसले तेव्हा खुर्ची करकरली. हसता हसता त्यांनी सवयीनं उजवा हात मांडीवर आपटला आणि "आई गं" म्हणून विव्हळले, आणि मग त्याच्यावर सगळे परत हसले. तीन चुकलेल्या पेट्या टेबलावर तशाच होत्या, पण आता कुणाची नजर त्यांना टाळत नव्हती.

"झालं तर मग," दादा डोळे पुसत म्हणाला. "उद्यापासून आपापल्या जागी. बुधवारपर्यंत तीन पेट्या आरामात होतील."

मिस्त्रींनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मधलीला फार मोह झाला. एवढं सगळं हसून झाल्यावर हो म्हणणं किती सोपं होतं. पण तिची नजर आप्पांच्या पट्ट्यावर गेली.

"नाही," ती म्हणाली. "आप्पांच्या जागी कोण बसेल? मीच ना. आणि मला फर्म्याशिवाय काही येत नाही. मी फर्म्यावर कापलं की तुमचं सगळ्यांचं चुकणार. म्हणजे आता सगळ्यांनाच फर्म्यावर यावं लागेल. आणि एकाचं काम दुसऱ्याला यायलाच हवं. उद्या दादा आजारी पडला तर?" तिनं आजारी हा शब्द जपून निवडला होता. "जागा बदललेल्याच राहू देत. फक्त एक करायचं. पेटी पुढच्याच्या हातात देताना आपलं काय चुकलंय ते तोंडानं सांगायचं. लपवून दुरुस्त करायचं नाही."

"म्हणजे आपली अब्रू आपणच घालवायची?" आत्या म्हणाली.

"हो. रोज थोडी थोडी."

"आणि एवढं करून विद्यालयानं नको म्हटलं तर?" दादानं विचारलं. यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याचा हात पुन्हा खिशापाशी होता.

मधलीनं तोंड उघडलं. होईल सगळं नीट, असं म्हणायची तयारी होती. पण आज एवढं खरं बोलून झाल्यावर तिला ते जमेना.

"मला माहीत नाही, दादा. मागणी मिळेल की नाही माहीत नाही. पुढल्या वर्षी लाकडाच्या पेट्या कोणी घेईल का, तेही माहीत नाही. मला एवढंच कळतं की आपण सहा जण एका पेटीवर नीट बोललो, तर निदान पेटी चांगली होईल. त्यापलीकडचं मला काही दिसत नाही."

आप्पांनी मनगटाचा पट्टा सैल केला, परत घट्ट केला.

"माझ्या बापानं मला चाव्या दिल्या," ते म्हणाले, "तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं. मी फक्त कुणाला सांगितलं नाही." मग त्यांनी उठून डाव्या हातानं भिंतीवरचा फर्मा उतरवला आणि तिच्यासमोर ठेवला. "करवत फार दाबून धरतेस. उद्या सकाळी लवकर ये. मी शेजारी बसतो."

तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनं तिसरी पेटी उचलली आणि झाकण उघडायच्या खटपटीला लागली. आत्यानं जवळ येऊन ती तिच्या हातातून घेतली आणि कानाशी पुटपुटली, "हिच्यात मी तुझ्या वहिनीच्या नकळत दुसरा पदर घातलाय. उघडायची नाही ती. सोड."

शनिवारी सकाळी बोलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. मधलीनं झाकण पुढं दिलं आणि सांगितलं, "डाव्या बाजूला रेघेच्या बाहेर गेलीय, केसभर." दादानं नुसती मान हलवली. दादानं खोका दिला, तोंडातून शब्द नाही. मिस्त्री वाट बघत उभे. शेवटी दादा भिंतीला सांगावं तसं म्हणाला, "मागचा सांधा जरा उघडा आहे." मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "एवढंच होय? अहो, पाचर मारा की सरस लावून. दाखवतो." आणि दाखवलीसुद्धा. रविवारीही कारखाना चालू होता आणि दुपारपर्यंत गाडी रुळावर आली. सोमवारी तर ती रुळावरून पलीकडं गेली. आत्याला कबुलीची अशी गोडी लागली की पॉलिशबरोबर तिनं बारा वर्षांपूर्वी फुटलेल्या बरणीचंही सांगून टाकलं, जिच्यावरून आप्पांनी मांजराला घराबाहेर काढलं होतं. आप्पा दोन तास तिच्याशी बोलले नाहीत.

बाकीचा वेळ मात्र ते मधलीच्या शेजारी बसून होते. सुरुवातीला तिचा हात वाकडा गेला की त्यांचा पट्ट्यातला हात आपोआप उचलला जायचा. सोमवारपासून तो मांडीवर राहू लागला आणि नुसतं तोंड चालू लागलं. "सोड. तिला जाऊ दे. करवत तुझ्यापेक्षा शहाणी आहे." संध्याकाळी ती करवत टांगत असताना ते वहिनीला म्हणाले, "बरं कापते," आणि मधलीनं ऐकलं नाही असं दाखवलं.

मंगळवारी दुपारी शेवटची, सगळ्यात मोठ्या मापाची पेटी राहिली होती. पहिल्या दोन्ही बसल्या होत्या, श्वासासकट. मिस्त्रींनी तिसरीच्या बिजागऱ्या लावल्या, झाकण एकदा खालीवर केलं आणि पटाशी खाली ठेवली.

"दादा," ते म्हणाले, "खाच खोल गेली. उजवी. तीस वर्षं तुमची बघतोय, तीच हाताला लागली."

दादा आपल्या जागेवरून उठून आला. जुन्या दादानं पेटी ओढून घेतली असती. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि वाकून नुसतं पाहिलं.

"फार नाही. कागदाच्या दोन घड्या खाली घातल्या की वर येईल. स्क्रू काढा. तुम्हीच काढा."

मिस्त्रींनी स्क्रू काढले. "कागद जाड हवा," ते इकडंतिकडं बघत म्हणाले. "वर्तमानपत्र दबून जाईल."

दादानं खिशात हात घातला आणि ते पत्र बाहेर काढलं. वहिनीचा सरसाचा ब्रश हवेत थांबला. मधलीला वर छापलेलं कारखान्याचं नाव दिसलं, खाली सही दिसली. दादानं पत्राची एकदा घडी घातली, दुसऱ्यांदा घातली, बिजागरी वर ठेवून पेन्सिलीनं कड आखली आणि पटाशीनं तेवढा तुकडा कापून मिस्त्रींच्या हातात ठेवला.

"हा घ्या. चांगला जाड आहे."

"कसला कागद आहे?" आप्पांनी चष्म्यावरून विचारलं.

"मोठ्या कारखान्याचा आहे, आप्पा," दादा म्हणाला. "पण बसतोय बरोबर."

मिस्त्रींनी तुकडा खाचेत ठेवला, वर बिजागरी ठेवली आणि चारही स्क्रू आवळले. दादानं मधलीकडे पाहिलं आणि मानेनं पेटीकडे खूण केली.

तिनं झाकण वीतभर उचललं आणि सोडलं. ते तरंगत, अगदी सावकाश खाली आलं आणि श्वास टाकून बसलं.

"वहिनी," मधली म्हणाली, "ब्रश ठेव. आधी गरम चहा घे."